बिनइंजेक्शनच्या मोतीबिंदूचा पूर्वपक्ष

भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई मिरचीसाठी ओळखले जाते. पावसाळ्यात हिरव्या मिरचीच्या गाड्या बाजारात लागतात आणि बाहेरचे व्यापारी येऊन तळ ठोकतात. अशा गावातल्या घरात आजोबांचा मोतीबिंदू काढायचे ठरले, की ऑपरेशन कुठे करायचे एवढे विचारून होते न होते तोच पुढचा प्रश्न येतो, ‘डोळ्याला सुई टोचतात का हो?’ टोचत असतील तर ते ऑपरेशन जुने, शिबिरातले, गरिबाचे. नुसते थेंब टाकून होत असेल तर ते नवे, शहरातले, ऐपतवाल्याचे. हे मत एकट्या पिंपळगावचे नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर ते ऐकायला मिळेल आणि पुण्याच्या सोसायटीतही. ‘बिनटाका, बिनपट्टी, बिनइंजेक्शन’ अशा पाट्यांनी ते आणखी पक्के केले आहे. यातला टाका चिरफाडीशी संबंधित, इंजेक्शन भुलीशी. पण तिन्ही गोष्टी एका दमात वाचल्या जातात आणि तिन्हींचे पुण्य सारखेच वाटू लागते.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही, म्हणून आधी तो त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. डोळ्यामागे सुई घालणे हे अंदाजाचे काम आहे. टोक कुठे पोचले ते डॉक्टरला दिसत नाही, हाताला जाणवते तेवढेच. वाटेत एखादी रक्तवाहिनी फुटली तर मागे रक्त साठते, डोळा पुढे ढकलला जातो आणि ऑपरेशन त्या दिवसापुरते तरी रद्द होते. क्वचित सुई नेत्रगोलाची भिंत भेदून आत शिरते. त्याहून क्वचित औषध दृष्टीच्या नसेच्या वेष्टनातून मेंदूकडे जाते आणि रोग्याचा श्वास मंदावतो. थेंबांत यातले काहीच नाही. टेबलावरून उतरताच रोग्याला दिसायला लागते, पट्टी लागत नाही, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असली तरी फारशी चिंता नसते. एवढे सगळे मला मान्य आहे. खंडन करायचे आहे ते यातून काढलेल्या निष्कर्षाचे, की म्हणून थेंब हीच पुढारलेली भूल आणि सुई म्हणजे मागासपणा.

पहिली गडबड इतिहासात आहे. थेंब नवे आणि सुई जुनी, असे लोक धरून चालतात. घडले ते उलटे. १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने कोकेनचे द्रावण बेडकाच्या, मग सशाच्या, कुत्र्याच्या आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यात टाकून पाहिले. टाचणीचे डोके बुबुळाला लावले तरी काही कळेना. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रपरिषदेत त्याचा शोध जाहीर झाला. कोलरपाशी प्रवासाचे पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध ब्रेटाउअर यांनी वाचला. म्हणजे डोळ्याची पहिली स्थानिक भूल थेंबांचीच. त्याच वर्षी अमेरिकेत हर्मन नॅप यांनी डोळा काढून टाकण्याच्या ऑपरेशनसाठी तेच कोकेन डोळ्यामागे टोचले. थेंब असताना सुईची गरज का पडली? थेंब वरचा पडदा बधिर करतात, आतल्या भागाला त्यांचा उपयोग होत नाही आणि डोळा फिरायचा राहत नाही. सुई आली ती थेंब अपुरे पडले म्हणून.

पुढची शंभर वर्षे सुईचीच होती. पण लोक जिला भितात ती सुई आणि आज हातात असते ती सुई, या दोन वेगळ्या. १९३६ मध्ये अ‍ॅटकिन्सन यांनी घालून दिलेल्या पद्धतीत रोग्याला नजर वर आणि नाकाकडे न्यायला सांगत आणि खालून लांब सुई स्नायूंच्या शंकूत नेत. पिढ्यान्‌पिढ्या तसेच शिकवले गेले. १९८१ मध्ये उन्सोल्ड आणि सहकाऱ्यांनी स्कॅन करून दाखवले, की नेमक्या त्या नजरेत दृष्टीची नस सुईच्या वाटेवर येते. तेव्हापासून ‘समोर बघा, सरळ बघा’. १९८९ मध्ये कवटीच्या खोबण्या मोजून ३८ मिलिमीटरची सुई धोक्याची ठरली आणि ३१ च्या पुढे जाऊ नये असे ठरले. त्याआधी १९८६ मध्ये डेव्हिस आणि मँडेल यांनी शंकूत शिरायचेच सोडले. औषध शंकूबाहेर सोडायचे आणि ते आपोआप आत झिरपू द्यायचे. आज आपल्याकडे डोळ्याचे इंजेक्शन म्हणतात ते बहुतेक ठिकाणी हेच. पूर्वी याच्या जोडीला पापणी मिटू नये म्हणून कानापुढे, जबड्याच्या सांध्यापाशी आणखी एक सुई देत. जुन्या शिबिरांची आठवण सांगणारे लोक कळवळून बोलतात ते खरे तर त्या कानाजवळच्या सुईबद्दल. औषध भरपूर आणि नीट पसरले तर आता तिची गरज सहसा पडत नाही.

मग १९९२ मध्ये अमेरिकेत फिचमन यांनी थेंब परत कसे आणले? थेंबांचे औषध काही अचानक जोरदार झाले नव्हते. लहान झाली होती ती जखम. फेको यंत्राने मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून घेता येऊ लागला, छेद तीन मिलिमीटरच्या आसपास आला आणि तोही बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, थेंबांनी नेमक्या बधिर होणाऱ्या जागी. आपण थेंबांचे म्हणून जे कौतुक करतो ते बहुतांशी फेकोचे आहे. ऑपरेशन बदलले म्हणून भूल बदलली. ऑपरेशन न बदलता नुसती भूल बदलायची म्हटले, तर सोसावे लागते रोग्याला.

आता पिंपळगावचा डोळा घ्या. उन्हात राबलेला, ‘दिसतंय तोवर दिसतंय’ म्हणत वर्षानुवर्षे लांबणीवर टाकलेला. मोतीबिंदू पिकून तपकिरी, कठीण झालेला. एक डोळा गेलाय हे लक्षात यायला दुसराही झाकोळावा लागतो. असे भिंग फेकोने फोडता येत नाही असे नाही, पण त्याला जास्त ऊर्जा लागते आणि पारदर्शक पडद्याच्या आतल्या पेशींना ती सोसत नाही. म्हणून आपल्याकडे लहान छेदाची, हाताने करायची शस्त्रक्रिया रूढ झाली. डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करायचा आणि अख्खे भिंग त्यातून बाहेर काढायचे. टाका तिलाही बहुधा लागत नाही. ही काही गरिबांसाठी केलेली तडजोड नव्हे. पुण्यातल्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० रुग्णांवर फेकोशी तिची तुलना केली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केली. सहा आठवड्यांनंतर चष्म्यासह मोजलेल्या नजरेत दोन्ही पद्धती तोडीस तोड निघाल्या, बिनचष्म्याच्या नजरेत फेको थोडी सरस ठरली. मात्र या शस्त्रक्रियेत पांढऱ्या भागावर काम होते, रंगीत पडदा हलतो, भिंग बाहेर येताना आतून ओढल्यासारखे होते. ती ओढ थेंबांना कळतच नाही.

आणि रोगी? हिरव्या कापडाखाली पडलेली पंचाहत्तरीची आजी डोळ्यांसमोर आणा. नाकापाशी ऑक्सिजनची नळी, तोंडावर कापड, ऐकू कमी येते, चुलीच्या धुराने जडलेला खोकला आहे, मान ताठ ठेवायची सवय नाही. थेंबांच्या भुलीत तिला सगळे उजेडात दिसत असते आणि डोळा पूर्ण तिच्या ताब्यात असतो. “आजी, दिव्याकडे बघा. वर नको, दिव्याकडे.” आजी आवाजाच्या दिशेने बघते. शहरातल्या निवृत्त मास्तरांना हे सहज जमते. आजीला जमले नाही तर तो तिचा दोष नाही, तिच्यासाठी भूल निवडणाऱ्याचा आहे.

त्या इंजेक्शनच्या वेळी नेमके काय होते हेही सांगायला हवे, कारण भीती बरीचशी न पाहिल्यामुळे असते. आधी थेंब टाकतात, ते इथेही लागतातच. मग खालच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याशी बोटाने हाडाची कड चाचपतात. सुई त्या कडेला लागून, डोळ्यापासून दूर, जवळजवळ सरळ मागे जाते. पिस्टन ओढून रक्त येत नाही ना ते बघतात, मग लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेनचे मिश्रण हळू सोडतात. त्यात हायलुरोनिडेज नावाचे विकर घातलेले असते, ते औषधाला ऊतीतून वाट करून देते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला तेव्हा एकाच्या दोन वस्तू दिसणारे रोगी वाढल्याच्या नोंदी झाल्या. इतक्या बारीक गोष्टीवर इतके काही अवलंबून असते. नंतर डोळ्यावर थोडा दाब ठेवतात. त्यासाठी पट्ट्यात बसवलेला रबरी चेंडू अनेक ठिकाणी मिळेल. दहा मिनिटांत पापणी जड होते, डोळा जागचा हलत नाही, अंधारते. हे अंधारणे तात्पुरते असते, पण रोग्याला ते आधी सांगितले नाही तर तो हबकतो आणि गावी परतल्यावर ‘इंजेक्शनने डोळाच गेला होता’ ही कथा जन्म घेते. सांगण्याची ही कसूर आमच्याकडे सर्रास होते.

धोक्याचे आकडे सांगतो, म्हणजे भीतीला माप राहील. ब्रिटनमधल्या ५५,५६७ मोतीबिंदू शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये निघालेल्या अहवालात, सुई किंवा टेनॉनखालची नळी वापरलेल्यांपैकी ०.०६६ टक्के लोकांत दृष्टीला वा जिवाला धोका होईल अशी गुंतागुंत झाली. म्हणजे दहा हजारांत सहा-सात. शून्य नाही, हे खरेच. पण ज्याच्यासाठी थेंब पुरत नाहीत त्याच्या ऑपरेशनमध्ये ऐनवेळी डोळा फिरला तर काय होते, त्याचीही गणती करावी लागेल. पाटीवर ती कुणी लिहीत नाही.

वर ‘टेनॉनखालची नळी’ म्हणालो. या सगळ्या वादात तिचे नाव कुणी घेत नाही, आणि माझ्या मते पूर्वपक्षाचा मोठा दोष हाच. थेंब की सुई, असा दोनच पर्यायांचा प्रश्न मुळात चुकीचा मांडला आहे. नेत्रगोलाभोवती टेनॉन नावाचे पातळ वेष्टन असते. थेंबांनी बधिर केलेल्या पांढऱ्या भागाला नाकाच्या बाजूला खाली कात्रीने एक बारीक चीर द्यायची आणि बोथट, वाकडी नळी त्या वेष्टनाखालून डोळ्याच्या गोलाईने मागे सरकवायची. टोकदार काही आत जातच नाही. स्टीव्हन्स यांनी १९९२ मध्ये ही पद्धत लोकांपुढे ठेवली, म्हणजे ज्या वर्षी थेंब परत आले त्याच वर्षी. ब्रिटनच्या त्याच अहवालात टोकदार सुईची गंभीर गुंतागुंत नळीच्या अडीचपट निघाली. किरकोळ तक्रारी, म्हणजे पांढऱ्या भागात रक्त उतरणे वगैरे, नळीत जास्त.

आणि पुरावा शोधायला ब्रिटनपर्यंत जायची गरज नाही. त्याच देसाई रुग्णालयात, त्याच हाताने करायच्या शस्त्रक्रियेसाठी, १६८ रुग्णांत नळी आणि सुई यांची तुलना झाली आणि २००५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त छापून आली. भूल देताना अजिबात दुखले नाही असे सांगणारे नळीच्या गटात सुईच्या गटापेक्षा कितीतरी जास्त निघाले. ऑपरेशनच्या वेळी दुखण्यात फरक नव्हता, अखेरच्या नजरेतही नव्हता. डोळा पूर्ण निश्चल होण्यात मात्र सुई सरस ठरली. म्हणजे रोग्याचे सुख नळीत, सर्जनचे सुख सुईत. हाताखालचा डॉक्टर शिकाऊ असेल तर त्या निश्चलतेची किंमत वाढते. हात मुरलेला असेल तर नळी द्यायला हरकत काय, असा प्रश्न मी माझ्या व्यवसायबंधूंना विचारतो. कात्रीची ती दोन मिनिटे वाचवायची, हेच उत्तर बहुधा मिळते.

शेवटी तर्काची एक आपत्ती. जेवढी कमी भूल तेवढे ऑपरेशन पुढारलेले, हे खरे मानले तर थेंबसुद्धा कशाला? चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी १९९८ मध्ये भुलीशिवाय, थेंबही न टाकता, फेको करून दाखवली. कसबी हातांत निवडक रोग्यांवर ते जमते. पण ‘बिनथेंब’ अशी पाटी लावून कुणी रोगी बोलावत नाही, कारण इथे आपल्याला लगेच कळते की कौशल्य दाखवणे वेगळे आणि रोग्याला सुख देणे वेगळे. तेच शहाणपण एक पायरी अलीकडे लावायला काय हरकत आहे?

पूर्वपक्षाचे जे खरे आहे ते उरतेच. डोळ्याचा नंबर मोठा उणे असेल तर नेत्रगोल लांबट असतो, त्याच्याजवळ टोकदार सुई नकोच. रक्त पातळ करणारी औषधे असतील, एकच डोळा चालू असेल, मोतीबिंदू मऊ असेल आणि रोगी सांगितलेले नीट पाळत असेल, तर थेंब उत्तम, आणि तिथे सुईचा हट्ट धरणारा डॉक्टर चुकतो.

तेव्हा पिंपळगाव रेणुकाईहून भोकरदनला, जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला आजी-आजोबांना घेऊन निघाल तेव्हा ‘सुई टोचता का’ हे विचारू नका. त्यांची गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी सोबत घ्या. खोकला, दमा, कमी ऐकू येणे, उताणे झोपल्यावर धाप लागणे, तरुणपणीचा जाड भिंगांचा चष्मा, यातले काय काय आहे ते डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगा. आणि मग विचारा, “यांच्यासाठी कोणती भूल ठरवलीत, आणि का?” ज्या डॉक्टरला त्या ‘का’चे उत्तर देता येते त्याच्या हाती डोळा द्यावा, मग त्याच्या हातात थेंब असोत, नळी असो की सुई.