नावडतीचें मीठ : व्हिडिओ गेमच्या इतिहासांतील एक प्रकरण



'नावडतीचें मीठ अळणी' ही म्हण आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. मनांतून उतरलेल्या बाईनें स्वयंपाकांत कितीहि मीठ घातलें तरी जेवणाराच्या जिभेला तें लागत नाहीं, हा तिचा अर्थ. परंतु या म्हणीला दुसरीहि एक बाजू आहे. कधीं कधीं भाजींत मीठ खरोखरच पडलेलें नसतें. आणि तसें असतां जेवणारास दूषण देणें हा अन्याय होय. मग दोष जिभेचा कीं हाताचा, हें ओळखावें कसें? या प्रश्नाचा विचार आज आपण एका अगदीं नव्या क्षेत्राच्या इतिहासावरून करूं. तें क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेम.

कित्येक वडील मंडळी या खेळांस निव्वळ पोरखेळ समजतात. परंतु ज्या वस्तूच्या निर्मितींत शेंकडों माणसें वर्षानुवर्षें खपतात, जिच्यांत चित्र, संगीत, कथा आणि गणित हीं चारहि एकत्र नांदतात आणि जी कोट्यवधि लोक पदरचे पैसे मोजून घेतात, ती वस्तु इतिहासकारानें उपेक्षावी अशी खास नव्हे. या इतिहासांत असे कांहीं खेळ आढळतात कीं, ज्यांचें पहिलें स्वागत हेटाळणीनें झालें आणि पुढें तेच खेळ लोकांच्या गळ्यांतील ताईत बनले. त्यांतील चार-पांचांची हकीकत मी आज सांगणार आहें.

पहिली हकीकत जपानांतील. क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीची 'द लीजेंड ऑफ झेल्डा' ही खेळमाला १९८६ सालीं सुरू झाली. लिंक नांवाचा हिरव्या पोशाखाचा शूर मुलगा हा तिचा नायक. २००० सालच्या ऑगस्टांत कंपनीनें आपल्या 'गेमक्यूब' या नव्या यंत्राचें सामर्थ्य दाखविण्यासाठीं एक लहानसें चित्रण लोकांपुढें मांडलें. त्यांत लिंक आणि त्याचा वैरी गॅनन यांचें खड्गयुद्ध अगदीं खऱ्याखुऱ्या माणसांसारखें दिसत होतें. पुढचा खेळ असाच असणार, असें चाहत्यांनीं मनाशीं ठरवून टाकलें. बरोबर एक वर्षानें, २००१ च्या ऑगस्टांत, प्रत्यक्ष खेळाचें दर्शन घडलें. तों पडद्यावर मोठ्या डोक्याचा, टपोऱ्या डोळ्यांचा, व्यंगचित्रांतून उतरल्यासारखा एक बालक धांवत होता! चाहत्यांचा भयंकर हिरमोड झाला. हातानें रंगविलेल्या चलच्चित्रांसाठीं पूर्वीं 'सेल' नांवाचे पारदर्शक पत्रे वापरीत; त्यावरून या खेळाला 'सेल्डा' असें कुचेष्टेचें नांव पडलें.

'द विंड वेकर' नांवाचा हा खेळ डिसेंबर २००२ मध्यें जपानांत व मार्च २००३ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. परीक्षकांनीं त्याची स्तुति केली, तरी पुष्कळ जुन्या चाहत्यांच्या मनांतील अढी गेली नाहीं. अमेरिकेंतील मंद खप पाहून कंपनीनें २००६ सालच्या पुढील खेळांत पुन्हां वास्तव चित्रणाची कांस धरली, ही गोष्ट दिग्दर्शक ऐजी आओनुमा यांनीं स्वतःच पुढें सांगितली आहे. परंतु काळ हळूहळू आपलें काम करीत होता. खऱ्यासारखें दिसण्याची धडपड करणारें चित्र यंत्राच्या शक्तीशीं बांधलेलें असतें. दहा वर्षांनीं अधिक बलवान यंत्र आलें कीं तें जुनाट वाटूं लागतें. उलट, छायाप्रकाशाच्या दोनतीन सपाट रंगांत रेखाटलेलें चित्र खऱ्याची बरोबरी करण्याच्या भानगडींतच पडत नाहीं. म्हणून तें लवकर म्हातारें होत नाहीं. २०१३ सालीं या खेळाची सुधारलेली आवृत्ति निघाली, तेव्हां पूर्वीं थट्टेचा विषय झालेला तो अथांग निळा समुद्र आणि तो टपोऱ्या डोळ्यांचा नाविक यांचें लोकांनीं प्रेमानें स्वागत केलें. मधल्या दहा वर्षांत चित्राची मूळ घडण बदलली नव्हती. बदलली होती ती पाहणाऱ्याची दृष्टि.

याच जातीचें दुसरें उदाहरणहि जपानांतीलच. जाहिरातींचे प्रसिद्ध लेखक शिगेसातो इतोइ यांनीं रचलेला 'मदर २' हा खेळ १९९४ सालीं जपानांत आणि पुढच्या वर्षीं 'अर्थबाउंड' या नांवानें अमेरिकेंत आला. त्या वेळच्या अशा कथाखेळांत राजवाडे, तलवारी व राक्षस असावयाचे. येथें मात्र आजकालच्या साध्या गांवांतला एक मुलगा, त्याच्या हातांत बेसबॉलची बॅट, आणि दूरध्वनीवर आईशीं बोलणें! चित्रेंहि लहान मुलांच्या पुस्तकांतल्यासारखीं साधीं. अमेरिकेंतील विक्रेत्यांनीं तर 'या खेळाला दुर्गंधि येते' अशा आशयाची जाहिरात केली आणि घासून हुंगावयाचे घाणेरड्या वासाचे तुकडेहि वांटले. विनोद अंगलट आला. खप बेताचाच राहिला. परंतु ज्या थोड्यांनीं तो खेळला त्यांनीं त्याचा ध्यास सोडला नाहीं. त्यांनीं सह्यांचे अर्ज केले, एकमेकांस शोधून मंडळें स्थापिलीं. त्याच चाहत्यांमधून वर आलेल्या टोबी फॉक्स या तरुणानें २०१५ सालीं 'अंडरटेल' हा खेळ प्रसिद्ध करून जगभर नांव मिळविलें. मूळ खेळ २०१३ सालीं अमेरिकेंत पुन्हां उपलब्ध झाला तो या निष्ठावंतांच्या चिकाटीनंतरच.

या दोन्ही ठिकाणीं मीठ पहिल्यापासून होतें; जीभच अनोळखी होती. आतां ज्यांत मीठ खरोखरच नव्हतें अशा खेळांकडे वळूं.

टोकियो येथील स्क्वेअर एनिक्स कंपनीनें ३० सप्टेंबर २०१० रोजीं 'फायनल फॅन्टसी चौदा' हा खेळ बाजारांत आणला. हजारों माणसांनीं इंटरनेटवरून एकाच काल्पनिक जगांत एकत्र येऊन खेळण्याचा हा प्रकार. त्यासाठीं दरमहा वर्गणी द्यावयाची. परंतु जग पाहावें तों एकाच दरीची व एकाच टेकडीची नक्कल पुन्हां पुन्हां डकविलेली. साधें काम करावयाचें तर अडखळत अडखळत एकामागून एक याद्या उघडाव्या लागत. शोभेच्या वस्तूंवर इतका भर दिलेला कीं, एका फुलझाडाच्या कुंडीची घडण खेळणाऱ्याच्या मनुष्याकृतीइतक्याच रेखांची होती. कुंडी सुंदर, आणि यंत्र मात्र तिच्या ओझ्यानें वांकलेलें! लोक संतापले, व तो संताप रास्त होता.

डिसेंबर २०१० मध्यें कंपनीच्या अध्यक्षांनीं उघड क्षमा मागितली, वर्गणी स्थगित ठेवली आणि सूत्रें नाओकी योशिदा यांच्या हातीं दिलीं. योशिदा यांनीं जें केलें तें या क्षेत्रांत अपूर्व होतें. जुनें घर डागडुजी करून चालू ठेवावयाचें आणि त्याच वेळीं शेजारीं नवें घर पायापासून बांधावयाचें. शेवटीं ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं जुनें जग बंद करण्यांत आलें. पण तेंहि नुसती कळ दाबून नव्हे. कथेंतच एक तांबडा चंद्र महिनोन्‌महिने पृथ्वीकडे सरकत होता. त्या रात्रीं तो कोसळला, त्याच्या पोटांतून एक महासर्प बाहेर पडला आणि तें जग जळून गेलें. जे थोडे निष्ठावंत शेवटपर्यंत राहिले होते, त्यांनीं हा प्रलय आपल्या डोळ्यांनीं पाहिला. २७ ऑगस्ट २०१३ रोजीं 'अ रेल्म रिबॉर्न', म्हणजे पुनर्जन्म पावलेलें राज्य, या नांवानें नवा खेळ उघडला. पुढें डिसेंबर २०२१ मध्यें खेळणाऱ्यांची इतकी दाटी झाली कीं, कंपनीला कांहीं आठवडे विक्रीच थांबवावी लागली. एके काळीं ज्याच्या दारीं कोणी फिरकत नव्हतें, त्याच्याच दारीं रांगा लागल्या.

दुसरी अशीच हकीकत इंग्लंडांतील गिल्डफर्ड या गांवची. तेथील 'हॅलो गेम्स' या चिमुकल्या संस्थेनें डिसेंबर २०१३ मध्यें 'नो मॅन्स स्काय' या खेळाची घोषणा केली. त्यांत ग्रहांची संख्या किती असावी? १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६! बुद्धिबळाच्या चौसष्ट घरांत पहिल्या घरीं एक, दुसऱ्या घरीं दोन, तिसऱ्या घरीं चार, असे दुपटीनें दाणे मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपण मुलांना सांगतों. त्या सर्व दाण्यांची बेरीज या संख्येहून फक्त एकानें कमी भरते. इतके ग्रह कोणी चितारून ठेवलेले नसतात. एका बीजसंख्येपासून गणिताचें यंत्र जो तो ग्रह त्या त्या वेळीं घडवितें, आणि बीज तेंच असल्यामुळें ग्रह प्रत्येक वेळीं तसाच निपजतो.

एवढ्या भव्य कल्पनेनें लोक भारावले. संस्थेचे प्रमुख शॉन मरे यांनीं मुलाखतींत जें जें सांगितलें, त्यांतून दुसऱ्या प्रवाशाची गांठ पडेल अशीहि आशा उत्पन्न झाली होती. ऑगस्ट २०१६ मध्यें खेळ प्रसिद्ध झाला. पहिल्याच दिवशीं दोन खेळाडू एकाच ग्रहावर एकाच जागीं जाऊन उभे राहिले; पण एकाला दुसरा दिसेना! ही वार्ता पसरतांच ज्यांनीं साठ डॉलर मोजले होते त्यांचा संताप अनावर झाला. ब्रिटनमधील जाहिरात-नियामक मंडळाकडे तक्रारी गेल्या. मंडळानें जाहिराती दिशाभूल करणाऱ्या नव्हत्या असा निर्णय दिला, तरी लोकांचें समाधान झालें नाहीं.

या वेळीं त्या संस्थेनें वादविवाद केला नाहीं, मौन धरलें. आणि मग काम बोलूं लागलें. नोव्हेंबर २०१६ मध्यें पहिली मोठी भर आली. २०१८ च्या जुलैमध्यें एकत्र खेळण्याची पूर्ण सोय झाली. नंतरहि वर्षांमागून वर्षें भर पडतच राहिली, आणि जुन्या ग्राहकाकडून तिच्यासाठीं एक पैहि अधिक घेतली नाहीं. 'स्टीम' नांवाच्या विक्रीकेंद्रावर ग्राहक आपलीं मतें नोंदवितात. तेथें आरंभीं निषेधाचा डोंगर झाला होता. २०२४ च्या नोव्हेंबरांत त्याच नोंदवहींतील एकंदर मत 'अतिशय अनुकूल' या पायरीला पोंचलें. जुने निषेध कोणीं पुसले नव्हते. नव्या प्रशंसेच्या भारानें पारडें झुकलें.

परंतु हें ऐकून कोणी असा समज करून घेऊं नये कीं, चिकाटीला नेहमींच यश येतें. कॅनडांतील बायोवेअर या नामांकित संस्थेचा 'अँथेम' हा खेळ २०१९ सालीं असाच निराशा करणारा निघाला. त्याची नवी घडण करण्याचें कामहि सुरू झालें होतें. पण फेब्रुवारी २०२१ मध्यें तें सोडून देण्यांत आलें. नवी घडण करावयाची तर पैसा, वेळ आणि धन्याचा धीर हीं तिन्ही लागतात. तीं एकत्र जुळणें विरळा.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. या हकीकतींचें दोन भाग पडतात. पहिल्या भागांत वस्तु निर्दोष होती, पण तिचा चेहरा अनोळखी होता. तेथें धीर धरणें हें पाहणाऱ्याचें कर्तव्य होतें. दुसऱ्या भागांत वस्तूच अपुरी होती. तेथें सुधारणें हें करणाऱ्याचें कर्तव्य होतें. हा भेद ओळखण्यास एक साधी कसोटी पुरते. नावड वाटली कीं आपण स्वतःला विचारावें : 'येथें मला दिलेलें वचन मोडलें आहे, कीं केवळ माझी अपेक्षा मोडली आहे?' लिंकच्या चाहत्यांची अपेक्षा मोडली होती. वचन त्यांना कोणीं दिलेंच नव्हतें. वर्गणी भरून अर्धवट जगांत अडकलेल्या माणसाची गोष्ट निराळी.

आणि म्हणूनच एक धोका सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 'आधीं विकूं, मग दुरुस्त करूं' असें म्हणणाऱ्या व्यापाऱ्यानें गिल्डफर्डच्या उदाहरणाची ढाल करतां कामा नये. पहिल्या दिवशीं पूर्ण मोल देऊन अर्धी वस्तु घेतलेल्या ग्राहकाचें गाऱ्हाणें खरेंच होतें, व पुढच्या यशानें तें खोटें ठरत नाहीं. किंबहुना त्या गाऱ्हाण्यांमुळेंच दुरुस्ती झाली. लोक गप्प बसते, तर योशिदांच्या हातीं सूत्रें आलींच नसतीं.

जेवणारानें घास तोंडांत घोळवून पाहावा, एवढ्या लवकर ताट सारूं नये. आणि वाढणारानेंहि भाजी चाखूनच पानांत वाढावी. दोघांनीं आपापलें काम केलें, तर नावडतीच्या मिठाची चव कळण्यास दहा वर्षें लागणार नाहींत. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.