कूट ते कोडे : रसिकांच्या एका खेळाचा इतिहास

संगीत आणि साहित्य यांचा इतिहास लिहिताना आपले इतिहासकार ग्रंथांची, ग्रंथकारांची आणि गायकांची नोंद मोठ्या साक्षेपाने करतात. परंतु त्याच ग्रंथांशी आणि त्याच गाण्यांशी रसिक मंडळी फावल्या वेळी जो खेळ खेळत आली, त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. चार स्नेही जमावेत, एकाने पदाचा एखादा तुकडा टाकावा, दुसऱ्याने नाटक ओळखावे, तिसऱ्याने राग सांगावा आणि चौथ्याने दोघांचेही चुकले म्हणून वाद घालावा, हे दृश्य परप्रांतातील कोणत्याही महाराष्ट्र मंडळाला अपरिचित नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या वास्तूचा आणि व्याख्यानमालांचा इतिहास येणारच. या बिनखर्चाच्या खेळालाही त्यात थोडी जागा मिळावी, एवढ्याच हेतूने हे टिपण लिहिले आहे.

या खेळाची वंशावळ फार जुनी आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत प्रहेलिका म्हणजे कोडे आहे, काव्यसमस्यापूरण आहे आणि प्रतिमालाही आहे. प्रतिमाला म्हणजे काय, ते जयमंगला या टीकेत स्पष्ट केले आहे. एकाने म्हटलेल्या श्लोकाच्या अंत्याक्षराने दुसऱ्याने आपला श्लोक आरंभावा. म्हणजे आपल्या भेंड्याच त्या! नागरकाच्या दिनक्रमात गोष्ठी म्हणून जी बैठक वर्णिली आहे, तीतही काव्यसमस्या आणि कलासमस्या यांना स्थान आहे. शब्द आणि कला यांची कोडी एकाच बैठकीत सुटावीत, हा संकेत इतका प्राचीन आहे.

सातव्या शतकात बाणभट्टाने कादंबरीच्या आरंभी शूद्रक राजाच्या विनोदांची जी यादी दिली आहे, ती या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती, गूढचतुर्थपाद, प्रहेलिका अशी ती नावे आहेत. अक्षरच्युतकात एक अक्षर गाळले की अर्थ पालटतो. गूढचतुर्थपादात श्लोकाचा चौथा चरण पहिल्या तीन चरणांच्या अक्षरांत लपलेला असतो. बिंदुमतीत अक्षरांच्या जागी नुसते बिंदू मांडून स्वरांच्या खुणा तेवढ्या ठेवतात आणि त्यावरून मूळ श्लोक ओळखायचा असतो. हल्ली भ्रमणध्वनीवर चिमुकली चित्रे ओळीने मांडून ‘गाणे ओळखा’ म्हणून जे कोडे येते, ते पाहून ज्यांना कलियुगाची आठवण होते, त्यांनी ही बिंदुमती ध्यानात घ्यावी.

मात्र या खेळाला शास्त्रकारांच्या दरबारी प्रतिष्ठा मिळाली असे म्हणता येणार नाही. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात स्पष्टच सांगून टाकले की, प्रहेलिका ही रसाच्या आड येणारी, म्हणून ती अलंकार नव्हे. दंडी मात्र अधिक उदार. काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात त्याने प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आणि तिचे तीन उपयोग नोंदवले : क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणत्यांनी परस्परांशी गुप्तपणे बोलणे आणि परक्यास चकविणे. विश्वनाथाचे मत काव्याच्या बाजूने योग्य असेलही. पण दंडीने पाहिले ते काव्याकडे नव्हे, तर काव्य जाणणाऱ्या माणसांकडे. प्रस्तुत लेखकाला दंडीचीच बाजू पटते. कोडे केवळ बुद्धीने सुटत नाही. घालणाऱ्याचा आणि सोडवणाऱ्याचा काही ठेवा सामाईक असावा लागतो. तो ठेवा नसेल तर बृहस्पतीही हात टेकील.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्याच्या मानसोल्लासात (इ. स. ११२९) राजाच्या वीस क्रीडांत प्रहेलिकाक्रीडेचा समावेश आहे, आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात ही प्रसिद्ध नोंदही त्याच ग्रंथात आहे. राजाचे कोडे आणि कांडणाऱ्या बाईची ओवी एकाच ग्रंथात शेजारी यावीत, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. कारण पुढे मराठीत हा खेळ राजसभेपेक्षा माजघरातच अधिक वाढला. कोडे, कूट, आहणा, हुमाण ही त्याची नावेच पाहा. प्रांताप्रांताने नाव बदलते, खेळ तोच राहतो. ‘उखाणा’ या शब्दाचा प्रवास तर स्वतःच एक उखाणा आहे. मुळात त्याचा अर्थ कोडे. पुढे पतीचे नाव कवितेच्या घडीत लपवून घ्यावयाचे, त्यालाही उखाणा म्हणू लागले, आणि आज शहरांत हा दुसरा अर्थच मुख्य होऊन बसला आहे.

संतांनी हाच घाट अध्यात्मासाठी वापरला. मुक्ताबाईच्या नावावर असलेल्या, मुंगीने सूर्याला गिळल्याचे सांगणाऱ्या अभंगाचा अर्थ लावताना कीर्तनकारांच्या पिढ्या रंगल्या. एकनाथांच्या भारुडांत कोडी आहेत, आणि उत्तरेत कबीराच्या उलटबांसीचे कुलही हेच. खुसरोच्या नावावर चालणाऱ्या पहेल्या आणि मुकऱ्या या मालिकेत घेतल्या, तर परप्रांतीय मराठी माणसाला आपल्या शेजाऱ्याशी बोलायला एक विषय मिळेल.

पंडित कवींत हा छंद शिगेला पोहोचला तो मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) हाती. अष्टोत्तरशत रामायणे रचण्याच्या त्यांच्या संकल्पाला काही टीकाकारांनी शब्दांची कसरत म्हणून नाक मुरडले आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण त्यांतील निरोष्ठ रामायण घ्या. यात ओठ मिटून उच्चारावयाची, म्हणजे प, फ, ब, भ, म ही व्यंजने वर्ज्य. आता ‘राम’ या नावातच ‘म’ आहे! तेव्हा ‘रामाचे नाव ज्यात घेता येत नाही ते रामायण कोणते?’ हे कोडे कोणत्याही बैठकीत घालावे, ते सहसा फसत नाही. या प्रकाराचाही मूळपुरुष पुन्हा दंडीच निघतो. त्याच्या दशकुमारचरितात मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावलेले असतात, म्हणून तो आपली सारी हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. पंतांनी शृंगारातली युक्ती भक्तीच्या कामाला लावली.

पंडितांच्या घरी ही रचना चालली असता फडावर शाहिरांचे वेगळेच द्वंद्व रंगत होते. शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले भेदिक लावणीतून एकमेकांना पुराणांतील कूटप्रश्न घालीत, आणि उत्तर न आले तर भर सभेत मान खाली जाई. श्रोता शेतकरी असला तरी त्याला पुराणकथा ठाऊक असत. नाहीतर जिंकले कोण, हे त्याला कळलेच नसते. ही जोडी महाराष्ट्राबाहेरही ‘तुर्रा-कलंगी’ या नावाने मध्य प्रदेशात आणि राजस्थानात नांदली, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या कानी नसेल.

मुद्रणकला आली आणि ठेव्याचे स्वरूप पालटले. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि ‘चाल’ देण्याची प्रथा रूढ झाली. ही ‘चाल’ म्हणजे ज्या मूळ चिजेवर वा गाण्यावर पद बेतले तिचा निर्देश. ‘मानापमाना’त (१९११) गोविंदराव टेंब्यांच्या आणि ‘स्वयंवरा’त (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी रागदारी घरोघर पोहोचवली. परिणाम असा झाला की, ज्याने उस्ताद कधी पाहिला नाही असा कारकूनही पदावरून राग ओळखू लागला, आणि ज्याने चीज ऐकली होती तो मूळ चीज सांगून त्याच्यावर कडी करू लागला. ख्यालांतही कोडी होतीच. बंदिशीत ‘सदारंग’ आले की न्यामतखाँ आणि ‘गुणिदास’ आले की जगन्नाथबुवा पुरोहित. गंमत अशी की, १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा गायिका गौहरजान तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीतून पुकारीत असे. गायिका ओळखण्याचे कोडे घालायचे, तर तबकडी संपण्याआधीच थांबवणे भाग!

साहित्यात टोपणनावांनी हीच मौज आणली. ‘दोन कवी, दोघेही केशवाचे पुत्र, पण भाऊ नव्हेत. एकाने मराठी कवितेला नवे वळण दिले, दुसऱ्याने वळण घेतलेल्या कवितेची टोपी उडवली. हे कोण?’ कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुत आणि प्रल्हाद केशव अत्रे म्हणजे ‘झेंडूची फुले’कार केशवकुमार, हे ज्याला माहीत त्याला हसू येईल. इतरांना येणार नाही, आणि त्यांना कितीही समजावून सांगितले तरी येणार नाही. गोविंदाग्रज आणि कुसुमाग्रज यांच्या नावांत तर आपल्या धाकट्या भावंडांचीच नावे लपलेली आहेत. पण १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध होऊन ‘विभावरी शिरूरकर’ कोण, असा प्रश्न उठला तेव्हा त्यात निव्वळ विनोद नव्हता. स्त्रीच्या मनाचे इतके उघडे चित्र काढणाऱ्या लेखिकेला (त्या पुढे मालती बेडेकर म्हणून सर्वश्रुत झाल्या) आडोसा हवा होता. दंडीचा दुसरा उपयोग तो हाच : गर्दीत जाणत्यांशी बोलणे.

तिसरा उपयोग, म्हणजे चकविणे, पैशाच्या रूपाने अवतरला. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात १९१३ च्या डिसेंबरात आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे छापले गेले आणि पुढे ती लाट आपल्या देशातही आली. मोठमोठ्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांत एकाच चौकटीला दोन सारखेच शोभणारे शब्द बसत. त्यांतला ‘बरोबर’ कोणता, ते संचालकाच्या लखोट्यात बंद. मग बुद्धीचे काम संपून नशिबाचे सुरू होई. अखेर १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धांना बंदी घातली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरताना भेद केला तो असा की, त्याचा अंमल जुगारी स्पर्धांवर चालेल, मुख्यतः कौशल्यावर आधारलेल्या स्पर्धांवर नाही. न्यायालयाने तो कायद्याच्या भाषेत केला. रसिकांच्या भाषेत सांगायचे तर जेथे उत्तर ऐकून हरणाराही ‘अरे, हो की!’ म्हणतो, ते कोडे, आणि जेथे तो कपाळाला हात लावतो, तो जुगार.

प्रश्नमंजूषेचा इतिहास सर्वांसमोर घडला असल्याने त्याविषयी थोडक्यात. कलकत्त्यात १९६७ साली नील ओब्रायन यांनी खुल्या प्रश्नमंजूषेची प्रथा घातली, १९७२ पासून हमीद सयानींच्या शालेय स्पर्धा गाजल्या, १९८५ साली सिद्धार्थ बसूंनी दूरदर्शनवर महाविद्यालये झुंजवली. यात ज्ञान वाढले, घंटाही वाजल्या. पण गुण मोजणारा आला की गोष्ठीतली ऐसपैस जागा थोडी आकसतेच. भेंड्यांचा ठेवाही याच काळात पालटला. बाळकृष्ण केसकर मंत्री असताना १९५२ साली आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ साली ‘विविध भारती’ काढून सरकारला ती गीते परत आणावी लागली. आर्या, श्लोक आणि अभंगांच्या भेंड्या मागे पडून हिंदी गाण्यांची अंताक्षरी घराघरांत शिरली, ती १९९३ पासून दूरचित्रवाणीवरही लोकप्रिय झाली. यात हळहळण्यासारखे काही आहे, तसेच नाहीही. आपल्या मंडळांत मराठी न येणारी सून वा जावई पहिल्यांदा मोकळेपणी बसतात, ते या अंताक्षरीच्या सतरंजीवरच.

खरी अडचण वेगळी आहे. निरोष्ठ रामायणाचे कोडे घालायला पंत माहीत असावे लागतात, आणि केशवाच्या दोन पुत्रांना हसायला दोघांच्याही कविता. परप्रांतात वाढलेल्या मुलामुलींना हे शाळेत मिळत नाही, आणि घरी मिळेल याची शाश्वती नाही. दूरदूरच्या स्नेह्यांचे जे गट हल्ली भ्रमणध्वनीवर जमतात, त्यांत इंदूरचा घालतो, हैदराबादची सोडवते, परदेशस्थ चुलतभाऊ शंका काढतो. पण त्यांतले बहुतेक पन्नाशीपुढचे असतात, हे कोणीही मोजून पाहावे. जेथे तरुण मंडळी टिकून राहिली, तेथे कोडे घालणाऱ्यांनी एक पथ्य पाळलेले दिसते. उत्तर सांगून ते थांबत नाहीत. ते पद म्हणून दाखवतात, ती कविता वाचून दाखवतात. पुढच्या खेपेला तोच मुलगा कोडे घालतो.

भेंड्यांतला ‘ळ’ त्यांना मोठा आवडतो. मराठीत ‘ळ’ने शब्द आरंभत नाही, म्हणून ‘ळ’वर शेवट झाला तर ‘ल’ घ्यावा आणि ‘ण’वर झाला तर ‘न’, अशी सवलत पूर्वापार आहे. हिंदी वा बंगाली माध्यमात शिकलेल्या मुलाला हा वर्ण प्रथम जिभेवर बसवावा लागतो, मग सवलत समजते. गुजराती, कन्नड किंवा ओडिया शेजारी खेळात आला तर त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. त्याच्याही भाषेत ‘ळ’ आहे, आणि तेथेही तो शब्दाच्या आरंभी सहसा येत नाही.