काजळीची वाट

लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना तो आजार चांगला ठाऊक होता. 'काजळीची चामखीळ' म्हणत ते त्याला. डॉक्टर मात्र गुप्तरोग समजून पाऱ्याची औषधं देत. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये लिहिलं, की हा वृषणकोशाच्या कातडीचा कॅन्सर आहे आणि त्याचं मूळ सुरकुत्यांत साचणाऱ्या काजळीत आहे. एरवी दुर्मीळ असलेला हा रोग या धंद्याची मात्र पाठ सोडत नव्हता.

विटांची ती नळी कुठेकुठे जेमतेम नऊ इंच रुंद. मोठा माणूस शिरणार कसा? म्हणून गरिबाघरची पाच-सहा वर्षांची पोरं कामाला लावत. कपडा अडकतो म्हणून कित्येकदा उघड्या अंगानेच वर चढवत. सोललेले गुडघे-कोपरं निबर व्हावीत म्हणून विस्तवाजवळ उभं करून त्यांवर मिठाचं पाणी चोळत. आठ वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, असा कायदा १७८८ मध्ये झाला. पाळला कोणीच नाही. केंब्रिजजवळ एक मुलगा धुराड्यात अडकून मेला, तेव्हा कुठे १८७५ च्या कायद्याने ही प्रथा मोडली.

काजळी कातडीत नेमकं काय करते, हे कळायला आणखी शतक लागलं. १९१५ मध्ये टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने काजळीसारखंच कोळशापासून होणारं डांबर चोळून कॅन्सर उत्पन्न केला. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दोन टन डांबरातून बेन्झोपायरीन वेगळं काढलं. ते निचरून टाकावं म्हणून पेशी त्यात रासायनिक बदल करते आणि त्या खटपटीतच ते जनुकाला चिकटणारं विष बनतं.

पुढचा धागा ग्लासगोत सापडला. अशाच कुळातलं रसायन लावलेल्या उंदरांच्या कातडीतल्या गाठींत 'रास' जनुक बिघडलेलं असल्याचं बाल्मेन आणि प्रॅग्नेल यांनी १९८३ मध्ये दाखवलं. 'वाढ' हा बाहेरून आलेला निरोप रास प्रथिन आत पोचवतं आणि मग स्वतःच गप्प होतं. बिघडलेलं रास गप्प होत नाही. निरोप नसतानाही ते पेशीला वाढायला सांगत राहतं.

यातलं काहीही माहीत नसताना, १८९२ मध्ये लंडनचे शल्यविशारद हेन्री बटलिन यांनी एक साधा प्रश्न विचारला होता: हा रोग इंग्लंडमध्येच इतका का? जर्मनीत जाऊन त्यांनी पाहिलं. तिथले कामगार अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालून धुराड्यात उतरत, आणि काम संपलं की सर्वांगाची काजळी धुऊन काढत.