चर्या आणि न्याय

न्यायासनासमोर माणूस उभा राहिला की त्याच्या शब्दांबरोबर त्याची चर्याही तोलली जाते. ही रीत आपल्या कायद्यातच आहे. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी महत्त्वाचे वाटेल ते न्यायाधीशाने नोंदवावे, असे कलम १८९८ च्या फौजदारी व्यवहार संहितेत होते. ते १९७३ च्या संहितेत आले आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही राहिले. नजर चुकविली तर खोटारडा. आवाज कोरडा असला तर निगरगट्ट! कारखान्यांतील चौकश्यांत आम्ही कामगारांच्या बाजूने बसत आलो. तेथेही मान खाली घालणारा अपराधी ठरतो आणि वर करणारा उर्मट.

परंतु ज्यांचा चेहरा मनाचा आरसाच नव्हे, त्यांचे काय? १९४३ साली बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या अवस्थेला आपण स्वमग्नता म्हणतो. अशा पुष्कळांना नजरेला नजर देणे जड जाते, परक्याचा स्पर्श सोसत नाही. ही माणसे वेडी नव्हेत, म्हणून वेडेपणाचा बचाव त्यांना सहसा लागू पडत नाही. कायद्याच्या लेखी ती पूर्ण शहाणी, आणि पाहणाऱ्याच्या लेखी पूर्ण संशयित!

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २०१० च्या मे महिन्यात रेजिनाल्ड लॅटसन हा अठरा वर्षांचा स्वमग्न, कृष्णवर्णी तरुण ग्रंथालय उघडण्याची वाट पाहत बाहेर गवतावर बसला होता. बस्स, एवढेच! कोणीतरी संशयित इसम म्हणून वर्दी दिली. पिस्तूल असेल अशीही शंका घेतली. पिस्तूल नव्हते. गुन्हाही घडला नव्हता. पोलिसाने नाव विचारले, त्याने सांगितले नाही. मग पकडापकडी, झटापट, पोलीस जखमी आणि शेवटी तुरुंग. तेथे एकांतकोठडी! २०१५ साली गव्हर्नरांनी सशर्त माफी दिली. पूर्ण माफीला २०२१ उजाडले. ग्रंथालयाच्या पायरीशी बसण्याची किंमत अकरा वर्षे.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत स्वमग्नतेची गणना केली. वर्तनाच्या त्या कलमात मात्र तिचा उल्लेख नाही. आणि अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशापुढे साक्षीदार उभा नसतो. त्याच्यापुढे असतो तो खालच्या कोर्टाचा शेरा.