भूसुरुंग शोधणारा रोबो : विषय घेण्याआधी इतिहास वाचा

रोबोटिक्समध्ये पीएचडी करू इच्छिणारे बरेच जण एक विषय सुचवतात : भूसुरुंग शोधणारा रोबो. विषय चांगलाच आहे. पण सिनॉप्सिस लिहायच्या आधी त्याचा इतिहास बघून घ्या.

नवी मुंबईहून एक्सप्रेसवेने निघालात तर दोन-तीन तासांत पुण्याजवळच्या दिघीला पोहोचाल. तिथल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने 'दक्ष' हा रोबो तयार केला. २०११ मध्ये त्याची पहिली तुकडी लष्कराला मिळाली. तो जिने चढतो, संशयास्पद बॅगेचा एक्स-रे काढतो, पाण्याच्या जोरदार झोताने बॉम्ब निकामी करतो. माणूस लांब, रिमोटपाशी.

मग हाच रोबो शेतात सोडला की झालं? नाही. 'दक्ष'ला संशयित वस्तू कुठे आहे ते आधी कोणीतरी सांगितलेलं असतं. शेतात तोच तर मुख्य प्रश्न असतो.

२००१-०२ च्या 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये पंजाब-राजस्थानच्या सीमेवर शेतजमिनीतही सुरुंग पेरले गेले आणि नंतर लष्करालाच ते काढावे लागले. युद्धात सैन्याला पुढे जायला वाट हवी असते, तीही झटपट. शेतकऱ्याला मात्र अख्खं रान परत हवं असतं. एक सुरुंग राहिल्याचा संशय असला तरी नांगर धरवत नाही.

१९९७ च्या ओटावा करारानंतर (भारताने त्यावर सही केलेली नाही) या संशोधनाला जोर आला. टोकियोत शिगेओ हिरोसे यांनी चालणारे रोबो यासाठी वापरून पाहिले. साखळ्यांनी जमीन झोडपणारी यंत्रं तर दुसऱ्या महायुद्धापासूनच होती. तरी आजही बरंचसं काम मेटल डिटेक्टर घेतलेली माणसंच करतात. का? प्लास्टिकच्या सुरुंगात धातू नावापुरता असतो. डिटेक्टर मात्र प्रत्येक खिळ्यावर ओरडतो. त्यात चढ, चिखल, झुडपं. आणि रोबो मध्येच बंद पडला तर तो आणायला जाणार कोण?

म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना प्रत्येक पेपरला एकच प्रश्न विचारा : यांनी यश कशाला म्हटलंय? शंभरातले पंच्याण्णव सुरुंग सापडले, तर लॅबमध्ये टाळ्या पडतील. उरलेले पाच कोणाच्या तरी शेतात असतील. तुमचा रिसर्च गॅप तिथे शोधा.