ओच्यातली खडी

आजी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायला बसली की आधी मिलो निघायचा. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी. भाकरी थापताना काठाला चिरा जायच्या, उलथताना तुकडे पडायचे. लेकरांना कामावर सुकडी मिळायची, तिचा वास तिला म्हातारपणीही सहन व्हायचा नाही. एवढं सांगून झालं की ती खडीकडे वळायची, आणि तिथं तिचा आवाज बदलायचा.

आमचं गाव भूम तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत. दगडाला तोटा नाही. दुष्काळी कामावर बाया दिवसभर उन्हात खडी फोडत. पैसा मापावर मिळे. ढीग जेवढा भरेल तेवढी मजुरी. आजीच्या शेजारी बसणारी एक बाई दिवस भरत आलेली होती. हातोडा उचलला की तिला दम लागे. ती पाण्याला उठली की जाणारी-येणारी एकेक जण ओच्यातली खडी तिच्या ढिगावर सोडून पुढं जाई. सांजेला मोजणी व्हायची तेव्हा तिचं माप भरलेलं असे.

“तिला कळत नव्हतं का गं?” मी विचारायचो.

“कळत व्हतं की. पर कुणी बोलायचं न्हाई. बोललं आस्तं तर दुसऱ्या दिशी ती कामावर आलीच नसती.”

१९७३च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्याच अनुभवातून पुढं १९७७चा रोजगार हमी कायदा झाला, आणि महाराष्ट्रानं त्याचा अभिमान बाळगावा असाच तो आहे. पण दुष्काळ कसा निभावला हे मला कुणी विचारलं, तर कायद्याच्या आधी मी त्या बायांची नावं घेईन. स्वतःच्या मजुरीतून त्यांनी ते माप भरलं, आणि घेणारीची मान खाली जाऊ दिली नाही. देणं पुष्कळांना जमतं. असं देणं फार थोड्यांना.

आत्या सास्तूरजवळच्या गावात दिलेली. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीची जड माळवदं. किल्लारीपासून सास्तूरपर्यंत गावंच्या गावं त्याखाली गेली. आत्याची सासू आणि धाकटी जाऊ गेली.

नंतर कुठून कुठून मदत आली. धान्य, कपडे, पत्रे, पुढं नवी घरं. त्याबद्दल आत्या कृतज्ञतेनं बोलते. पण तिला पहिल्यांदा रडू फुटलं ते एका अनोळखी बाईपाशी. कुठल्याशा ट्रकबरोबर आलेली ती बाई भाकरी वाटून झाल्यावर आत्याच्या मागं येऊन बसली. तीन-चार दिवस आत्याच्या केसांत मातीच होती. बाईनं काही विचारलं नाही. आपल्या पिशवीतली फणी काढली, जटा सोडवल्या, वेणी घातली, आणि हाक आल्यावर ट्रकात बसून निघून गेली.

“चेहरा ध्यानात हाय का?” मागच्या दिवाळीत मी विचारलं.

“चेहरा न्हाई रे. पर भांग तिनं कडेला पाडला व्हता. आमच्यात मधी पाडत्यात. म्या तो लई दिस तसाच ठिवला.”