झाडावरची करवत निवडताना

प्रतिनिधी

एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरून सकाळी जाताना एक कर्कश आवाज हमखास कानी पडतो. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचा हंगाम सुरू झाल्याची ती खूण. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांच्या वाढलेल्या फांद्या उतरविण्याचे जे काम एके काळी कुऱ्हाड, कोयता आणि दोर यांच्या बळावर चाले, ते आता 'चेन सॉ' अर्थात यांत्रिक साखळी करवतीने होते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार लागणाऱ्या परवानगीसाठी सोसायटीचे पदाधिकारी पालिकेच्या उद्यान विभागात खेटे घालतात, ठेकेदाराशी दराची घासाघीसही करतात. पण त्याचा माणूस कोणती करवत घेऊन झाडावर चढणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक त्या माणसाचा जीव आणि झाडाचे पुढचे आयुष्य या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी याच प्रश्नाशी बांधलेल्या असतात.

आधी प्रकार, मग कंपनी

या धंद्यातील जुनी स्पर्धा दोन नावांची. जर्मनीतील स्टिल ही कंपनी १९२६ साली स्थापन झाली. स्वीडनच्या हस्कवर्नाचा इतिहास १६८९ मधील बंदुकांच्या कारखान्यापर्यंत जातो. साखळी करवती मात्र ती १९५९ पासून बनवू लागली. तिसरे नाव जपानच्या एकोचे. यांपैकी श्रेष्ठ कोण, या वादात व्यावसायिक मंडळी तासन् तास रमतात. परंतु शहरातील झाडांच्या कामासाठी कंपनी ठरविण्याआधी करवतीचा प्रकार ठरवावा लागतो आणि नेमकी तेथेच आपल्याकडे गल्लत होते.

झाडावर चढून वापरावयाची करवत वेगळी असते. तिची मूठ यंत्राच्या माथ्यावर असते, अंग आटोपशीर असते आणि पट्टी साधारणपणे १२ ते १४ इंचांची असते. जमिनीवर उभे राहून ओंडके कापण्याच्या करवतीची मूठ मागे असते. आपल्याकडे बहुतेकदा जमिनीवरचीच करवत दोराने वर ओढून घेतली जाते. फांदीवर कसाबसा तोल सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती ते लांबोडके धूड देणे म्हणजे अपघाताला आमंत्रणच होय.

माथ्यावर मूठ असलेल्या करवतींमध्ये स्टिलची एमएस २०१ टी आणि हस्कवर्नाची टी ५४० एक्सपी ही मॉडेले तुल्यबळ मानली जातात. पहिलीचे इंजिन ३५.२ सीसीचे, दुसरीचे ३७.७ सीसीचे, शक्ती दोहोंची सुमारे १.८ किलोवॅट. स्टिल ३.७ किलोची, तर हस्कवर्ना तिच्याहून किंचित जड. एकोची सीएस-२५११ टी ही २५ सीसीची करवत अवघी सुमारे २.३ किलो भरते. मनगटाएवढ्या फांद्यांची विरळणी दिवसभर करावयाची असेल, तर शक्तीच्या आकड्यांपेक्षा हा हलकेपणा मोलाचा ठरतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माहितीपत्रकातील वजनात पट्टी, साखळी, पेट्रोल आणि साखळीचे तेल धरलेले नसते. चारही जमेस धरली की हातातले वजन किलोभराने सहज वाढते.

या करवतींचा आटोपशीरपणा हाच त्यांचा धोकाही आहे. एका हाताने फांदी धरायची आणि दुसऱ्या हाताने कापायचे, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. उत्पादकांच्या पुस्तिकांत मात्र ही करवत प्रशिक्षित माणसानेच, दोन्ही हातांनी वापरावी, असे बजावलेले असते.

जमिनीवरच्या कामासाठी ५० सीसीचा वर्ग सर्वांत उपयोगी. स्टिलची एमएस २६१ (४.९ किलो) आणि हस्कवर्नाची ५५० एक्सपी मार्क २ (५.३ किलो) या दोन्ही सुमारे ३ किलोवॅटच्या. वादळात उन्मळून पडलेल्या जुन्या पर्जन्यवृक्षाचे खोड कापायचे तर ७० सीसीची करवत हवी. स्टिल एमएस ४६२ सहा किलोची, हस्कवर्ना ५७२ एक्सपी ६.६ किलोची, शक्तीत फरक नाममात्र. स्टिलने २०१९ मध्ये बाजारात आणलेली एमएस ५०० आय ही इंधन थेट फवारणाऱ्या प्रणालीची पहिली करवत. ७९.२ सीसी, ५ किलोवॅट आणि वजन मात्र ६.२ किलो, हे गणित खरोखरच कौतुकास्पद आहे. तथापि सोसायटीतल्या छाटणीसाठी ती घेणे म्हणजे मुंगीवर तोफ डागणे.

ही सर्वच मॉडेले आपल्या गावातील विक्रेत्याकडे हाताशी असतील असे नाही. म्हणूनच साखळी, स्प्रॉकेट, एअर फिल्टर आणि दुरुस्ती जवळपास कोणत्या कंपनीची मिळते, हे पाहूनच निवड करावी. हंगामात आठवडाभर सुट्या भागाअभावी पडून राहणारी उत्तम करवत काय कामाची? ५२ आणि ५८ सीसीच्या निनावी चिनी करवती नामांकित करवतींच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ भावात मिळतात आणि त्या कापतातही. परंतु त्यांचा चेन ब्रेक किती तत्परतेने लागेल, याची खात्री कोण देणार?

साखळी आणि विजार

चेन ब्रेकचे महत्त्व कळण्यासाठी 'किकबॅक' समजून घ्यायला हवा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की साखळीचे दाते तेथे अडकतात आणि करवत एकदम वर व मागे, चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. पापणी लवण्याइतकाही अवधी मिळत नाही. मुठीपुढील ढालीसारखा दांडा त्या झटक्याने पुढे ढकलला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते. ज्या करवतीचा हा ब्रेक तुटलेला वा काढून टाकलेला दिसेल, ती आवारात येऊ देऊ नये.

बोथट साखळीही तितकीच वाईट. धारदार साखळी लाकडाच्या कपच्या उडविते, बोथट साखळी नुसता पिठासारखा भुसा पाडते. मग माणूस करवतीवर रेटा देतो, फांदी निम्मी कापून होते आणि उरलेली स्वतःच्या भाराने खोडाची साल सोलत खाली येते. त्या जखमेत बुरशी शिरते आणि आतून पोकळ होत गेलेले झाड पुढे एखाद्या पावसाळ्यात कोसळते. जाणता कारागीर जड फांदीला खोडापासून थोड्या अंतरावर आधी खालून काप देतो, मग वरून कापतो आणि उरलेले खुंट शेवटी वेगळे काढतो. आपल्या रस्त्यांवरच्या झाडांत फलकांचे इतके खिळे ठोकलेले असतात, की सकाळी लावलेली धार दुपारपर्यंत टिकली तरी नशीब! कानस साखळीच्या मापाची लागते. स्टिलच्या लहान साखळीला ४ मिलिमीटरची, तर ७० सीसीच्या करवतीवरील ३/८ इंची साखळीला ५.२ मिलिमीटरची.

करवतीवर हजारो रुपये खर्च करणारे ठेकेदार संरक्षक विजारीचे नाव काढले, की तोंड फिरवितात. या विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागली, की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि करवत थांबते. वर्ग १ ची विजार सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीसाठी तपासलेली असते. उकाड्यात ती नकोशी होते, हे खरे. पण मांडीतील रक्तवाहिनी कापली गेल्यास रुग्णालयात पोहोचण्याइतका वेळही हाती राहत नाही. झाडावर चढणाऱ्यासाठी पायाला सर्व बाजूंनी संरक्षण देणारी विजार घ्यावी. केवळ पुढून संरक्षण देणारी जमिनीवरच्या कामासाठी असते.

बॅटरीवरच्या करवतींचा विचारही आता गांभीर्याने करावा लागेल. मकिताने मार्च २०२२ मध्ये पेट्रोल इंजिनांचे उत्पादन थांबविले, कॅलिफोर्नियात २०२४ पासून अशा नव्या लहान इंजिनांवर निर्बंध आले. हस्कवर्नाची टी ५४० आय एक्सपी बॅटरीविना अडीच किलोची आहे. झाडावर बसून दोरी ओढत इंजिन चालू करण्याची कसरत येथे नाही, शिवाय आवाज कमी असल्याने वरच्याची हाक खालच्याला ऐकू येते. ही सोय क्षुल्लक वाटेल, पण फांदी सोडण्यापूर्वीची हाक ऐकू न आल्याने माणसे जखमी होतात. बॅटऱ्यांचा जादा संच मात्र लागतोच. आणि वीजचलित करवतीचा रेटा अधिक असल्याने ती विजारीतील धाग्यांनी थांबेलच, असे गृहीत धरू नये.

पेट्रोलची करवत घेणाऱ्यांनी इंधनाची आबाळ करू नये. कंपनीचे टू-स्ट्रोक तेल वापरल्यास लिटरमागे २० मिलिलिटर हे प्रमाण पुरते. सध्या पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे पुस्तिकेतील इथेनॉलची मर्यादा पाहावी, मिश्रण थोडे थोडेच तयार करावे. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे चार महिन्यांच्या पावसात कार्ब्युरेटरमध्ये जुने पेट्रोल साचून राहत नाही.